बटू दीर्घिकांतली धूळ कुणी बनवली?

मॅगेलनचा मोठा मेघ ही आपल्या आकाशगंगेच्या शेजारची बटू दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांचा तुलनेने छोटा संसार; अंतर सुमारे १ लाख ६० हजार प्रकाशवर्षे. दक्षिण गोलार्धातून ती नुसत्या डोळ्यांनीही दिसते. पण तिच्यातले म्हातारे तारे मोजायचे तर दृश्य प्रकाश पुरत नाही, कारण त्यातले बरेचसे स्वतःच्याच धुळीत बुडालेले असतात.

सूर्याएवढे किंवा त्याहून काही पट जड तारे अखेरीस फुगून तांबडे राक्षसी होतात. त्यांचे बाहेरचे थर आकुंचन-प्रसरण पावत राहतात, त्या धडकांनी वायू दूर फेकला जातो आणि तो हजार-दीड हजार केल्विनपर्यंत निवला की धुळीचे कण धरू लागतात. धूळ ताऱ्याचा प्रकाश शोषते, तापते आणि तीच ऊर्जा अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या उष्णतेच्या किरणांत सोडते. म्हणून २००५ मध्ये ‘सेज’ या सर्वेक्षणात स्पिट्झर या अवकाशातल्या अवरक्त दुर्बिणीने या मेघाचा सुमारे ७ अंश लांबी-रुंदीचा पट्टा ३.६ ते १६० मायक्रॉन तरंगलांबीत टिपला. आरसा अवघा ८५ सेंटिमीटरचा, पण नोंदी लाखो ताऱ्यांच्या! शिवाय इथले सगळे तारे आपल्यापासून जवळपास सारख्याच अंतरावर आहेत. त्यामुळे कोण खरोखर तेजस्वी, हे लगेच कळते. आकाशगंगेतल्या ताऱ्यांबाबत ही सोय नाही.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो रसायनाचा भाग. हेलियमहून जड मूलद्रव्यांना खगोलशास्त्रज्ञ सरसकट ‘धातू’ म्हणतात. सूर्याच्या तुलनेत मोठ्या मेघात ती सुमारे निम्मी, मॅगेलनच्या धाकट्या मेघात (ही शेजारचीच दुसरी बटू दीर्घिका) पाचवा हिस्सा, आणि काही बटू दीर्घिकांत त्याहूनही खूप कमी आहेत. आरंभीच्या विश्वात अशीच टंचाई होती. मग धूळ बनणार कशाची? वाळूच्या जातीच्या धुळीला सिलिकॉन लागतो, आणि तो ताऱ्याला जन्मतःच मिळालेला असावा लागतो. कार्बन मात्र तारा स्वतःच्या गाभ्याजवळ हेलियमपासून घडवतो आणि ढवळून पृष्ठभागावर आणतो. तिथे तो आधी ऑक्सिजनशी जोडला जाऊन कार्बन मोनॉक्साइडमध्ये अडकतो; उरलेल्या कार्बनचीच काजळी होते. धातू कमी म्हणजे ऑक्सिजनही कमी, म्हणजे कार्बन लवकर शिल्लक पडतो. गरिबी इथे चक्क पथ्यावर पडते.

पुढे ‘डस्टिंग्ज’ सर्वेक्षणात स्पिट्झरने जवळच्या ५० बटू दीर्घिका ३.६ आणि ४.५ मायक्रॉनमध्ये काही महिन्यांच्या अंतराने दोनदा पाहिल्या. दोनदा अशासाठी, की दूरच्या दीर्घिकाही अवरक्तात तशाच लाल दिसतात. पण त्यातल्या बहुतेकींचे तेज बदलत नाही, स्पंदन करणाऱ्या ताऱ्याचे बदलते. धातूंची अतिशय चणचण असलेल्या दीर्घिकांतही धूळ उडवणारे तारे सापडले.

सूर्याच्या तीन-चार पट वस्तुमानाचा तारा २० ते ४० कोटी वर्षांत या अवस्थेला पोहोचतो. महास्फोटानंतरच्या पहिल्या अब्ज वर्षांतल्या दीर्घिकांतही धूळ दिसते. तिचे श्रेय केवळ अतिनवताऱ्यांना, म्हणजे स्फोट होऊन संपणाऱ्या जड ताऱ्यांना द्यायचे की या ताऱ्यांनाही, हा वाद म्हणूनच खुला आहे. जेम्स वेब दुर्बीण आता ६.५ मीटरच्या आरशाने, सुमारे १६ लाख प्रकाशवर्षांवरच्या एनजीसी ६८२२ सारख्या धातू-गरीब दीर्घिकेतले असे तारे सुटे सुटे करून तपासते आहे.