अक्षरपाटीचं खोकं उघडण्यापूर्वी

दसरा जवळ आला की आमच्याकडे एक प्रश्न हमखास येतो: ‘ही पाटी घेतली की मूल किती दिवसांत लिहायला लागेल?’ सरळच सांगतो, ही पाटी, म्हणजे अक्षरं कोरलेल्या लाकडी पट्ट्यांचा संच, लिहायला शिकवत नाही. लिहिण्याआधी बोटं, मनगट आणि नजर यांची जी तयारी व्हावी लागते, त्यासाठी ती आहे. वय तीन ते सहा.

तयारी कसली? मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्माच्या वेळी ती सगळी मऊ कूर्चेची असतात आणि एकेक करत पक्की होत जातात. शेवटचं हाड पक्कं व्हायला नववं ते बारावं वर्ष उजाडतं. बालवाडीतल्या मुलाच्या हातात पेन्सिल देऊन पानभर ‘क’ काढायला लावला, तर दुखतं ते हेच मनगट. नजरेचंही तसंच आहे. साधारण तिसऱ्या वर्षी मूल बघून गोल काढतं, चौथ्याच्या आसपास अधिकचं चिन्ह, मग चौकोन. त्रिकोण बहुधा पाचव्या वर्षी जमतो, कारण तिरकी रेघ सगळ्यात उशिरा येते. म्हणून चार वर्षांच्या मुलाचा ‘र’ पाय पसरून बसला तर त्याला रागावू नका.

पाटी कशी वापरायची

प्रत्येक पट्टीवर एक अक्षर खोबणीत कोरलेलं आहे. खोबण मुलाच्या तर्जनीपेक्षा किंचित रुंद ठेवली आहे. लाल ठिपका म्हणजे सुरुवात. बोट ठिपक्यावर ठेवायचं, खोबणीतून फिरवायचं आणि फिरवताना अक्षराचा उच्चार करायचा. काना वरून खाली, शिरोरेषा सगळ्यात शेवटी, डावीकडून उजवीकडे. आधी तुम्ही एकदा सावकाश करून दाखवा, मग हात मागे घ्या. मुलाचं बोट धरून फिरवू नका. त्याने तुमचा हात शिकतो, त्याचा नाही.

पट्ट्या अ-आ-इ किंवा क-ख-ग अशा लावलेल्या नाहीत, आणि त्याबद्दल आजोबांची तक्रार येणार हे आम्हाला ठाऊक आहे. वर्णमाला पाठ म्हणायला उत्तमच आहे, ती म्हणू द्या. पण हाताला वळणाचा क्रम सोपा जातो. ग, म, न एकत्र. ‘व’ आला की त्याच्या पोटात रेघ मारून ‘ब’, शेपटी जोडून ‘क’. ‘प’वरून ‘ष’ आणि ‘फ’. ‘र’ बसला की ‘स’ आणि ‘ख’ फार लांब नाहीत. घ-ध आणि भ-म या जोड्या मात्र एकाच दिवशी काढू नका. एक पक्कं होऊ द्या, आठवड्याने दुसरं. ‘ल’ आणि ‘श’ आम्ही मराठी वळणाचेच कोरले आहेत, शासनाच्या २००९ च्या वर्णमालेत आहेत तसे. मोबाइलवर हिंदी वळणाचे दिसले आणि मुलाने विचारलं, तर ‘असाही काढतात’ एवढं उत्तर पुरे.

उच्चाराची एक गंमत सांभाळा. ‘ण’ आणि ‘ळ’ने मराठी शब्द सुरू होत नाही, त्यामुळे त्यांची चित्रं बाण, नळ, फळ अशी आहेत, शेवटचा आवाज लांबवून म्हणा. ‘च’ची पट्टी दिली की एखादं चौकस मूल विचारतंच, चाकातला च आणि चहातला च वेगळा कसा? वेगळाच आहे. दोन्ही म्हणून दाखवा, नियम सांगायला जाऊ नका.

खोक्यातला ताटासारखा ट्रे म्हणजे जुनी धूळपाटी. आपल्याकडे मुलं धुळाक्षरं गिरवूनच शिकत. ट्रेमध्ये बोटभर थर होईल इतका जाड रवा पसरा. रवा वाया घालवणं मनाला पटत नसेल (आमच्या घरातही मतभेद आहेत) तर चाळून धुतलेली वाळू घ्या. रांगोळीची पूड नको, ती डोळ्यांत जाते. पट्टीवर बोट फिरवून झालं की तेच अक्षर रव्यात. चुकलं की ट्रे हलवायचा, अक्षर गेलं. खोडरबराने कागद फाटायची भानगड नाही.

ही कल्पना आमची नाही. मारिया माँटेसरींनी रोममध्ये १९०७ साली बालगृह सुरू केलं. बोटाने गिरवायची खरखरीत कागदाची अक्षरं ही त्यांच्या पद्धतीची ओळख. आपल्याकडे ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला आणि पुढे अनुताई वाघांबरोबर कोसबाडला बालवाड्या चालवल्या. महागडी साधनं तिथे परवडणारी नव्हती, म्हणून शंखशिंपले, बिया, खडे, पानं हेच साहित्य झालं. तेव्हा आमचं खोकं घेतलं नाही तरी मूल शिकेल, हे विक्रेता म्हणून सांगायला थोडं जड जातं, पण खरं आहे. जमिनीवर खडूने मोठा ‘ग’ काढा आणि त्यावर चिंचोके मांडायला सांगा. चिंचोका उचलायला चिमट लागते, रेघेवर ठेवायला नजर लागते.

घरात फुकट मिळणारी कामं

मटार सोलणं. वाळत घातलेल्या कपड्यांचे चिमटे काढून डब्यात टाकणं. कणकेच्या गोळ्याची साप-गोगलगाय करणं. पेल्यातून पेल्यात पाणी ओतणं (सांडणार, फडकं मुलाच्याच हाती द्या). पाच वर्षांनंतर सागरगोटे, सुरुवातीला एकच गोटा वर उडवून झेलायचा. संध्याकाळची दहा मिनिटं पाटीला आणि बाकी वेळ असल्या कामांना, हे प्रमाण आम्हाला योग्य वाटतं.

मूल डावखुरं असेल तर तसंच राहू द्या. खोबण दोन्ही हातांना सारखीच चालते. सहा-सात वर्षांपर्यंत अक्षर कधी उलटं निघालं तर काळजी नको. मात्र साडेचार-पाच वर्षांच्या मुलाला मोठे मणी ओवताना किंवा जवळून टाकलेला चेंडू झेलताना सतत अडचण येत असेल, तर आधी डोळे तपासून घ्या. चष्म्याचा नंबर आळसासारखा दिसू शकतो.

साहित्य आणि निगा

पट्ट्या शिवणीच्या लाकडाच्या आहेत; ते हलकं असतं आणि सहसा तडकत नाही. ओवायचे चौकोनी मणी मुद्दाम ३५ मिलिमीटरचे केले आहेत. लहान तुकड्यांची चाचणी ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या नळकांड्याने होते, आणि त्यात अख्खी मावणारी वस्तू तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकते. ओवायची दोरी वापरून झाली की उंचावर ठेवा. घरात धाकटं भावंड असेल तर चिंचोकेही. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. आमचं खोक्याच्या तळाशी आहे, आणि दुसरं कुठलंही खेळणं घेताना तेवढं बघून घ्या.

पट्ट्या पाण्यात बुडवू नका, ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाळवा. पावसाळ्यात फुगल्या तर आठवडाभर कोरड्या कपाटात ठेवा. एखादी हरवली तर अख्खं खोकं घ्यायला नको, सुटी पट्टी मिळते. सगळ्यात जास्त हरवतो तो ‘म’. तो आम्ही जादा करून ठेवतो.