नेमका कुठला निळा?

१९७७ च्या 'स्टार वॉर्स' या हॉलिवूडपटाच्या रंगांवरून भांडण खरं पेटलं ते २००४ च्या डीव्हीडीवरून. डोळ्यांवर झापड ओढून नायक ल्यूक यानात प्रकाशाच्या तलवारीचा सराव करतो, तो प्रसंग आठवा. त्याची तलवार निळी. या डिस्कवर ती हिरवट दिसते. खलनायकाची लाल तलवार काही शॉट्समध्ये चक्क गुलाबी. वर सगळ्या सिनेमावर निळसर झाक, आणि काळा इतका दाबलेला की अंधारातलं बरंच काही गडप. १९९७ मध्ये सिनेमा डागडुजी करून पुन्हा प्रदर्शित करताना घुसवलेल्या डिजिटल दृश्यांचा वाद जुनाच. पण ती ज्यांना चालली होती, त्यांनाही हे रंग खटकले. २००६ मध्ये मूळ आवृत्ती जोडडिस्क म्हणून मिळाली, तीही १९९३ च्या लेझरडिस्कसाठी (डीव्हीडीआधीची मोठी डिस्क) बनवलेल्या मास्टर प्रतीवरून. शिळ्या कढीला ऊत. २०११ ची ब्लू-रे पुन्हा २००४ च्याच स्कॅनवर उभी.

मग हौशी मंडळी कामाला लागली. ब्लू-रे घ्यायची, शॉटगणिक रंग फिरवायचे. पण फिरवायचे कशाला धरून? 'मूळ रंग' हा शब्द इथेच दगा देतो.

१९७७ च्या बहुतेक प्रिंट ईस्टमनच्या, म्हणजे कोडॅकच्या रंगीत फिल्मवरच्या. त्यांच्यातला सायन (हिरवट निळा) आधी उडतो आणि चित्र लाल पडतं. जत्रेच्या तंबूत जुना रंगीत पिक्चर पाहिलेल्यांना तो लाल वेगळा सांगायला नको. टेक्निकलर या कंपनीच्या डाय ट्रान्सफर पद्धतीत तीन रंग छापखान्यासारखे एकेक करून फिल्मवर उतरवतात, आणि ते टिकतात. तोवर अमेरिकेतला त्यांचा हा कारखाना बंद पडला होता, लंडनचा चालू होता. म्हणून या सिनेमाच्या अशा मोजक्या प्रिंट तिथून निघाल्या. १९९७ च्या डागडुजीत रंगांचा दाखला म्हणून टेक्निकलर प्रिंटच समोर ठेवली होती, हा हौशींचा हुकमी एक्का. माझ्या मते तो बिनतोड आहे. सात वर्षांनी तोच दाखला का विसरला गेला, याचं पटेल असं उत्तर मी कुठे वाचलेलं नाही.

तरी टिकली म्हणून तीच खरी, असंही नाही. टेक्निकलर प्रिंट म्हणजे अखेर छपाई. ईस्टमनपेक्षा तिचा कॉन्ट्रास्ट चढा. १९७७ मध्ये बहुतेकांनी पाहिली ती ईस्टमनच, तेव्हा ताजी आणि न उडालेली. शिवाय प्रिंट बनते थिएटरच्या दिव्यासाठी, आणि तो टीव्हीच्या पांढऱ्यापेक्षा पिवळट. पडद्याचे फोटो काढून पुरावा म्हणून दाखवावेत, तर कॅमेरा त्यात आपला रंग मिसळणार.

२०१८ मध्ये आलेल्या 'फोर-के-सेव्हन्टीसेव्हन' या हौशींच्याच आवृत्तीने ब्लू-रेचा नादच सोडला. जवळपास सगळा सिनेमा टेक्निकलरच्या एका ३५ मिमी प्रिंटवरून स्कॅन केला. फिल्मचे दाणे दिसतात, पुसूनही काही ओरखडे उरलेत, कायद्याचा प्रश्न तर आहेच; पण ल्यूकची तलवार निळी आहे.

जून २०२५ मध्ये लंडनच्या एका चित्रपट महोत्सवात १९७७ ची प्रिंट प्रोजेक्टरवर चढली. चाळीस वर्षं उणे ५ अंशांत जपलेली. तीही टेक्निकलरचीच.