स्क्रिप्टमधली कडक तपासणी आली कुठून

ऊसबिलाची साधी पर्ल स्क्रिप्ट (पर्ल या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेला छोटा प्रोग्राम) घ्या. ‘वजन’ हे नाव रोमन लिपीत वर ‘व्ही’ने लिहिलंय, खाली ‘डब्ल्यू’ने. मराठी हाताला दोन्ही एकच, पर्लला मात्र ती दोन व्हेरिएबल्स, म्हणजे किंमत साठवायच्या दोन वेगळ्या जागा. दुसरं रिकामं, म्हणजे हिशेबात शून्य. 18 टन उसाचं बिल शून्य निघतं आणि स्क्रिप्ट बिनतक्रार संपते.

ही मोकळीक मुद्दाम ठेवलेली होती. लॅरी वॉल यांनी 1987 साली पर्ल आणली ती झटपट अहवाल काढण्यासाठी. नाव वापरलं की व्हेरिएबल तयार. 1994च्या पर्ल 5 मध्ये ‘माय’ (व्हेरिएबलचं नाव आधी सांगून ठेवायचा शब्द) आणि ‘यूज स्ट्रिक्ट’ (कडक तपासणी सुरू करणारी ओळ) आले. आता न सांगितलेलं नाव दिसलं की स्क्रिप्ट सुरूच होत नाही. पण ही शिस्त मागावी लागते, कारण सक्ती केली असती तर चालू असलेल्या असंख्य स्क्रिप्टा बंद पडल्या असत्या. जावास्क्रिप्टने 2009 साली हाच मार्ग धरला, तोही छान युक्तीने: ‘यूज स्ट्रिक्ट’ हे नुसतं अवतरणातलं वाक्य, जुने ब्राउझर त्याकडे दुर्लक्ष करतात.

संशयास्पद गोष्ट दिसली की पर्लने द्यायच्या इशाऱ्यांसाठी आधी ‘-डब्ल्यू’ हा स्क्रिप्ट चालवताना द्यायचा पर्याय होता. तो दुसऱ्यांच्या मॉड्यूल्सवरही (इतरांनी लिहिलेल्या, आपण वापरत असलेल्या कोडवरही) ओरडायचा, म्हणून लोक तो काढून टाकत. 2000च्या 5.6 मध्ये आलेलं ‘यूज वॉर्निंग्ज’ आपल्या फाइलपुरतंच. ‘यूज’पुढे 5.12 (2010) किंवा वरची आवृत्ती लिहिली की स्ट्रिक्ट आपोआप लागतं, 5.36 (2022) लिहिली की इशारेही.

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या नोंदींना इशारे जास्त उपयोगी, असं आमचं ठाम मत आहे. 1 नोव्हेंबर 2014 नंतर ‘बेलगाम’चं ‘बेळगावी’ झालं. जुन्या-नव्या नावांच्या हॅश-की (ज्या नावाने यादीतली नोंद शोधतात ती नावं) जुळल्या नाहीत तरी स्ट्रिक्ट गप्प बसतं. रिकामी किंमत वापरल्याचा इशारा तेवढा येतो. ‘12,500’ला पर्ल 12 समजतं, तेही इशाऱ्यातूनच कळतं.

सगळ्यात फसवे देवनागरी आकडे. यूटीएफ-8 (देवनागरीसह सगळ्या लिप्या साठवायची पद्धत) म्हणून वाचलेला ‘२५’ रेग्युलर एक्स्प्रेशनच्या (मजकुराचा नमुना जुळवण्याच्या) ‘\डी’ म्हणजे ‘आकडा आहे का’ या तपासणीत पास होतो, कन्नड आकडेही होतात. बेरजेत मात्र त्याची किंमत शून्य. फक्त 0-9च चालावेत म्हणून तपासणीला ‘/ए’ जोडा (5.14पासून) किंवा आधी अक्षराला अक्षर बदलणाऱ्या ‘टीआर’ने ०-९चे 0-9 करून घ्या. त्यासाठी स्क्रिप्टच्या सुरुवातीला ‘यूज यूटीएफ8’ हवंच, नाहीतर ‘टीआर’ अक्षरांऐवजी बाइट बदलत बसतो.