जलरंगातील प्रतिबिंब आणि अंतर: एका पद्धतीची पार्श्वभूमी

पाण्यातील प्रतिबिंब आणि दूर विरत जाणारा काठ केवळ पातळ रंगाच्या थरांतून दाखविण्याची रीत इंग्लंडमध्ये अठराव्या शतकाच्या अखेरीस रुजली. त्याआधी तेथील जलरंग बहुतांशी स्थळांची नोंद करणाऱ्या आरेखकांच्या हाती होता. पॉल सँडबीसारखा चित्रकारही १७४७ पासून स्कॉटलंडच्या लष्करी सर्वेक्षणात काम करीत होता. शाईची बाह्यरेषा, तिच्यावर करडी छाया आणि शेवटी रंगाचा हलका हात, असा क्रम असे. दूरच्या वस्तू फिकट आणि निळसर दिसतात हे लिओनार्दोने फार पूर्वी टिपून ठेवले होते. पण प्रत्येक वस्तूभोवती ठळक रेघ असेल, तर त्या ज्ञानाचा उपयोग मर्यादितच राहतो.

बदलाला साहित्याचीही साथ मिळाली. व्हॉटमनच्या गिरणीत जाळीच्या रेघा न उमटणारा कागद तयार होऊ लागला, आणि रीव्हज बंधूंच्या रंगवड्यांमुळे चित्रकाराची रंग घोटण्याची कटकट संपली. तरीही खरी शाळा मला लंडनच्या डॉ. थॉमस मन्रो यांच्या घरी भरलेली दिसते. १७९० च्या दशकात, टर्नर आणि गर्टिन हे १७७५ साली जन्मलेले दोघे तरुण तेथे संध्याकाळी जॉन रॉबर्ट कोझन्सच्या निसर्गचित्रांच्या नकला करीत. गर्टिन बाह्यरेषा काढी, टर्नर छटा भरी.

गर्टिनच्या १८०० मधील ‘द व्हाइट हाउस ॲट चेल्सी’ या चित्रात हा बदल स्पष्ट दिसतो. थेम्सच्या दूरच्या काठावरील घर आणि त्याचे पाण्यातील प्रतिबिंब हा सर्वांत उजळ भाग आहे, आणि तो उजेड कागद कोरा राखून मिळविलेला आहे. पांढरा रंग वरून चढविला असता, तर पाण्याची पारदर्शकता हरवली असती. भोवतालचा काठ व आभाळ मंद, एकमेकांच्या जवळच्या छटांत आहेत, म्हणूनच तो छोटासा पांढरा तुकडा दुरूनही नजर धरून ठेवतो. गर्टिन १८०२ मध्ये, अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी वारला. दोनच वर्षांनी लंडनमध्ये जलरंगकारांची स्वतंत्र संस्था उभी राहिली.

ब्रिटिश कलाशिक्षणाबरोबर जलरंगाचे हे वळण १८५७ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आले. तेथे शिकलेल्या आबालाल रहिमान यांनी कोल्हापूरला परतून कोटितीर्थ तलावाचा परिसर वारंवार रंगविला, तर सावंतवाडीकडून आलेल्या सा. ल. हळदणकरांनी जलरंगावरील आपली हुकमत मुख्यतः व्यक्तिचित्रांत आणि प्रकाशाच्या अभ्यासात सिद्ध केली.