समुद्रजल विज्ञान संस्था, जपान

समुद्राच्या पाण्याचा सर्वांगीण अभ्यास करणारी जपानमधील विद्वत्संस्था. जपानी नाव निप्पॉन काइसुइ गाक्काई. ‘काइसुइ’ म्हणजे समुद्रजल. 1950 मध्ये स्थापना झाली तेव्हा तिच्या नावात समुद्र नव्हता, मीठ होते. आजचे नाव तिने 1965 मध्ये घेतले. संस्थेची उद्दिष्टे समजून घ्यायची तर या नामांतरापासूनच सुरुवात करावी लागते. समुद्रविज्ञान प्रवाह, लाटा, सागरतळ अशा अनेक गोष्टी पाहते. या संस्थेचा रोख मात्र पाण्यावर आणि त्यात विरघळलेल्या द्रव्यांवर आहे.

जपानात खनिज मिठाच्या खाणी नाहीत. हवा दमट आणि पाऊस भरपूर, त्यामुळे नुसत्या उन्हावर मीठ पिकत नाही. म्हणून तिथे आधी वाळूच्या मिठागरांत समुद्राचे पाणी दाट करायचे आणि मग ते उकळून मीठ काढायचे, अशी दुहेरी रीत पडली. एक किलो समुद्रजलात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात आणि त्यांपैकी सुमारे 27 ग्रॅम खाण्याचे मीठ. म्हणजे किलोभर मिठासाठी 36-37 लिटर पाणी आटवायला हवे. मिठावर 1905 पासून 1997 पर्यंत सरकारी मक्तेदारी होती. कमी इंधनात मीठ कसे काढावे, हा प्रश्न त्यामुळे साऱ्या देशाचा होता.

उत्तर सापडले ते विद्युत् अपोहनात. क्षार पाण्यात विरघळले की त्यांचे विद्युतभारित कण, म्हणजे आयन, सुटे होतात. फक्त धन आयन आणि फक्त ऋण आयन जाऊ देणारी पातळ पटले आलटून पालटून उभी करतात आणि त्यांतून वीज सोडतात. एका कप्प्यातले पाणी फिके होते, शेजारच्या कप्प्यातले पाचसहापट खारट. जपानी संशोधकांची खरी करामत पुढे आहे. समुद्रजलातील कॅल्शियम आणि सल्फेट एकत्र येऊन जिप्समचा कडक थर धरतात, तो यंत्रांचा शत्रू. सोडियम व क्लोराइड सहज पार होतील आणि कॅल्शियम, सल्फेट असे दुहेरी भाराचे आयन अडतील अशी पटले घडवल्यावर हा त्रास आटोक्यात आला. 1972 मध्ये देशातील मीठनिर्मिती या पद्धतीवर गेली आणि मिठागरांचे युग जवळपास संपले.

पटले, आयन आणि क्षारांचे स्फटिक यांचे हेच ज्ञान इतरत्रही उपयोगी पडते, म्हणून संस्थेच्या उद्दिष्टांत मीठ हा आता अनेक विषयांपैकी एक आहे. समुद्रजलापासून गोडे पाणी करणे हा दुसरा. पटलाच्या एका बाजूला गोडे आणि दुसऱ्या बाजूला खारे पाणी असले की गोडे पाणी आपोआप खाऱ्याकडे ओढले जाते; ही ओढ थोपवायला लागणारा दाब म्हणजे तर्षणदाब. समुद्रजलाचा तर्षणदाब 25 बारांहून (बार हे दाबाचे एकक) अधिक असल्याने व्यस्त तर्षणात, म्हणजे हा प्रवाह उलटा फिरवताना, पाणी त्याच्या दुपटीहून जास्त दाबाने पटलातून ढकलावे लागते. जपानमधील फुकुओका शहरात 2005 मध्ये सुरू झालेला प्रकल्प अशा रीतीने दिवसाला 50,000 घनमीटर गोडे पाणी देऊ शकतो. मागे उरणारे अतिखारट पाणी किनाऱ्यावरच्या जीवांचे काय करते, हाही अभ्यासाचाच भाग.

मीठ काढून उरलेल्या कडवट द्रावात, म्हणजे निगारीत, मॅग्नेशियम भरपूर असते आणि ते तोफू थिजवायला वापरतात. समुद्रजलातून लिथियम व युरेनियम मिळवणे मात्र फार अवघड. लिटरमागे लिथियम सुमारे 0.17 मिलिग्रॅम, म्हणजे त्यातला कण न् कण हाती आला तरी किलोभर लिथियमसाठी जवळजवळ 6,000 घनमीटर पाणी गाळावे लागेल. युरेनियमसाठी हाच आकडा तीन लाख घनमीटरांच्या घरात जातो. साठा अफाट, पण पातळ. त्यामुळे नेमका हवा तोच आयन धरणारा शोषक पदार्थ शोधणे याला इथे मोल आहे, आणि जपानी संशोधकांनी त्यावर अनेक दशके चिकाटीने काम केले आहे.

मीठ आणि आहार, सागरी पर्यावरण, समुद्रजलाचे मूलभूत रसायन हेही संस्थेचे विषय. ती वार्षिक अधिवेशन भरवते आणि संशोधनपत्रिका काढते. मिठाचा कारखाना चालवणारा अभियंता आणि प्रयोगशाळेतील रसायनज्ञ यांचे लेख त्या पत्रिकेत शेजारी शेजारी येऊ शकतात.