इम्युलेटर रांगतो तो रॅमअभावी नव्हे

अँड्रॉइड इम्युलेटर म्हणजे ॲप तपासायला लॅपटॉपवर चालवलेला आभासी फोन. ‘अँड्रॉइड इम्युलेटर मंद आहे? रॅम वाढवा’ हा सल्ला जुना आणि बहुतेकदा चुकीचा. एआरएम (बहुतेक फोनमधल्या प्रोसेसरची रचना) इमेज, म्हणजे त्या आभासी फोनची अँड्रॉइड प्रणाली, एक्स८६ (इंटेल-एएमडीच्या) प्रोसेसरवर चालवली की सूचनांचं भाषांतर सॉफ्टवेअरला करावं लागतं. खरा वेळ तिथे जातो. इंटेल-एएमडीवर एक्स८६-६४ इमेज घ्या, एम-मालिकेच्या मॅकवर एआरएम६४. इंटेल-एएमडीवर बायोसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) व्हीटी-एक्स किंवा एसव्हीएम, म्हणजे आभासी यंत्रं वेगात चालवण्याची प्रोसेसरची सोय, सुरू हवं. शिवाय ती सोय इम्युलेटरला वापरू देणारं विंडोजवर ‘विंडोज हायपरव्हायजर प्लॅटफॉर्म’, लिनक्सवर केव्हीएम. याच कामाच्या जुन्या हॅक्सएमच्या मागे लागू नका, इंटेलने ते २०२३ मध्येच सोडलं. १६ जीबीच्या लॅपटॉपवर इम्युलेटरला ८ जीबी दिलेत, तर ग्रेडल (ॲप बांधणारं साधन) आणि अँड्रॉइड स्टुडिओची ओढाताण होऊन सगळंच डिस्कवरच्या स्वॅपमध्ये, म्हणजे रॅम संपल्यावर वापरल्या जाणाऱ्या संथ जागेत, अडकतं. आणि इम्युलेटरवर ॲप पळालं म्हणून हुरळू नका. तिथे राबतो तो लॅपटॉपचा प्रोसेसर, स्वस्त फोनचा नाही.