कुजक्या ओंडक्यावरचा जीव आणि चिकटून राहिलेली ‘बुरशी’

लायकोगालाचे गुलाबी मणी किंवा स्टेमोनायटिसचे तपकिरी केसाळ झुबके पावसाळ्यात कुजक्या ओंडक्यांवर पाहिलेल्यांना त्यांचे जीवनचक्र सांगायची गरज नाही; इतरांसाठी एवढेच की बीजाणूतून सुटी पेशी निघते, तिचा सरपटणारा चिकट पसारा होतो आणि त्यावर बीजाणूंनी भरलेले हे मणी किंवा झुबके येतात. घोळ नावाचा आहे. श्लेष्मबुरशी म्हणा, श्लेष्मकवक म्हणा, चिकट बुरशी म्हणा, बुरशी सुटत नाही. जीव मात्र बुरशी नाही.

लायकोगालाचे चित्र 1654 मध्येच छापले गेले होते. 1829 मध्ये या जीवांना पफबॉल या भुकटीने भरलेल्या गोल बुरशीशेजारी बसवले गेले आणि 1833 मध्ये ‘मिक्सोमायसिटीज’ हे नाव आले, म्हणजे चिकट बुरश्या. त्या काळी आत भुकटी आणि वर साल एवढ्यावर भागत असे.

खरा वाद 1859 चा. एका जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने बीजाणू पाण्यात रुजवून पाहिले. बुरशीच्या बीजाणूतून धागा फुटतो. इथे कवच फुटून सरपटणारी किंवा शेपट्यांनी पोहणारी पेशी बाहेर आली. हे प्राण्यांच्या बाजूचे जीव, असे ठरवून त्याने गटाचे नाव ‘मायसेटोझोआ’, म्हणजे बुरशीसारखे प्राणी, असे बदलले. पुरावा भक्कम होता, तरी निर्णय टिकला नाही. याचे कारण हट्टापेक्षा नमुन्यांच्या कपाटात शोधावे. त्याच्याच विद्यार्थ्याने 1870 च्या दशकात पोलिश भाषेत जो मोठा ग्रंथ लिहिला, त्याच्या शीर्षकात मायसेटोझोआ होते. पण वर्गीकरण उभे राहिले ते बीजाणूंचा रंग, चुन्याचे कण आणि आतल्या तंतूंची जाळी यांवर. ही सगळी लक्षणे वाळलेल्या नमुन्यावर दिसतात. सरपटणारा प्लाझ्मोडियम, म्हणजे जिवंत चिकट पसारा, कागदावर चिकटवून ठेवता येत नाही. त्यामुळे नमुने वनस्पतिसंग्रहालयातच राहिले. ब्रिटनमध्ये 1894 च्या ग्रंथाने मायसेटोझोआ धरून ठेवले, अमेरिकेत मिक्सोमायसिटीज रुळले. 1969 मध्ये तर सजीवांच्या पाच सृष्टींच्या मांडणीनेही त्यांना बुरश्यांत टाकले.

आज त्यांची जागा अमीबांच्या गटात आहे, याबद्दल फारसा वाद उरलेला नाही. नामकरण मात्र शैवाल, बुरशी आणि वनस्पतींच्या संहितेनुसारच चालते. 2013 पासून नव्या प्रजातीला बुरश्यांच्या नोंदवहीतला क्रमांकही घ्यावा लागतो. सोयीचे आहे, पण 1859 चा युक्तिवाद कोणीही खोडलेला नाही.

‘प्लाझ्मोडियम’ शब्दाचीही गंमत आहे. 1863 मध्ये तो या चिकट, बहुकेंद्रकी पसाऱ्यासाठी वापरात आला. 1885 मध्ये मलेरियाच्या परजीवीला तेच नाव मिळाले. दोघांचा काही संबंध नाही.

अभ्यासाला वेग दिला तो 1933 च्या ओल्या डिशने. पद्धत आजही तीच आहे. पेट्री डिशमध्ये फिल्टर पेपर, त्यावर झाडाच्या सालीचे किंवा कुजक्या लाकडाचे तुकडे एकाच थरात, एकमेकांवर न चढवता. बुडेल इतके ऊर्ध्वपातित पाणी घालून 24 तास ठेवायचे, मग सामू मोजून जादा पाणी ओतून टाकायचे. थेट ऊन नको. दोन ते तीन महिने अधूनमधून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे. पाणी साचले तर खऱ्या बुरश्या सगळे व्यापतात; साल वाळू दिली तर प्लाझ्मोडियम कडक खपलीत जातो. सर्वांत मोठी चूक म्हणजे घाई. बीजाणुधानी, म्हणजे बीजाणूंची पिशवी, पांढरी किंवा ओली असताना उचलली की ती आक्रसून वाळते आणि ओळख पटत नाही. रंग पक्का झाल्यावर लाकडाच्या चकतीसकट काढावी आणि काडेपेटीत तळाला गोंदाने चिकटवून ठेवावी.

1930 च्या दशकात फायसेरम पॉलिसेफॅलम ओट्सवर वाढू लागला आणि कुजक्या लाकडावरचा हा जीव प्रयोगशाळेत शिरला. 2000 मध्ये जपानमध्ये त्याने चक्रव्यूहातला सर्वांत छोटा मार्ग शोधला, 2010 मध्ये टोकियोच्या रेल्वेसारखे जाळे विणले. प्रसिद्धी सगळी याच एका प्रजातीला मिळाली, ओंडक्यावरच्या बाकीच्यांना नाही.

2019 च्या जनुकीय मांडणीने एकोणिसाव्या शतकातल्या लक्षणांची परीक्षा घेतली. गडद आणि फिकट बीजाणूंची मुख्य फाळणी टिकली. चुन्याचे लक्षण तितके खरे ठरले नाही: चुना नसलेला लॅम्प्रोडर्मा आता फायसेरमसारख्या चुनेवाल्यांच्याच गणात आहे.